लाईनआऊटच्या दिवशी नव्या इंजिनिअरने नेमकं काय बघायचं?

लातूरजवळच्या एका साईटवरून एका मुलीने विचारलंय: ‘डिप्लोमा होऊन तीन महिने झाले. जी प्लस टू घराचं काम आहे, जागा काळ्या मातीची आहे आणि चार दिवसांनी लाईनआऊट आहे, म्हणजे घराच्या रेषा जमिनीवर आखायच्या आहेत. मिस्त्री म्हणतात, मॅडम, तुम्ही सावलीत बसा, लाईन मी देतो. साईटवर स्टीलचा टेप आणि ऑटो लेव्हल (उंचीतला फरक बघायची दुर्बीण) आहे, टोटल स्टेशन (अंतर आणि कोन मोजणारं यंत्र) नाही. सर्व्हेइंगला मार्क चांगले होते, पण इथे सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. मी उभी राहून काय बघू?’

माझ्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून तू म्हणतो. सावलीत बसू नकोस. आणि मिस्त्रींना बाजूलाही सारू नकोस. दोरी ताणणं, ओळंबा स्थिर करणं, खुंटी सरळ ठोकणं यात त्यांचा हात तुझ्यापेक्षा आणि माझ्यापेक्षाही चांगला असणार. तुझं काम वेगळं आहे. त्यांनी दिलेली प्रत्येक लाईन दुसऱ्या एखाद्या मार्गाने तपासायची, आणि ती लाईन उद्या पुसली गेली तर परत कुठून आणायची हे ठरवून ठेवायचं.

हे दुसरं काम मी मोठं मानतो. त्या दिवशी ज्या खुंट्या ठोकल्या जातील, त्यातली एकही आठवड्यानंतर जागेवर नसेल. जेसीबीची बकेट पहिल्याच फेरीत कोपरा उचलून नेते. मग फुटिंगचा (कॉलमखालच्या पायाचा) सेंटर, पीसीसीवरची (त्याखालच्या साध्या काँक्रीटच्या थरावरची) कॉलमची खूण, प्लिंथची (जोत्याची) लाईन, पहिल्या स्लॅबवरची ग्रिड (कॉलमच्या आखणीच्या रेषा) हे सगळं पुन्हा पुन्हा काढावं लागतं. प्रत्येक वेळी ते त्याच एका मूळ खुणेवरून निघालं तर घर गुण्यात, म्हणजे काटकोनात, येतं. आदल्या दिवशीच्या कामावरून पुढचं काम मोजत गेलात तर चूक चुकीवर चढत जाते.

जमिनीवर जाण्याआधी एक संध्याकाळ कागदावर घालव. हद्द कुठली धरायची ते मालकाच्या बोटावरून ठरवू नकोस. भूमी अभिलेखची मोजणी झाली असेल तर मोजणीचा नकाशा माग आणि त्यातल्या खुणा जागेवर सापडतात का ते बघ. कुंपण हद्दीवर असतंच असं नाही. मंजूर नकाशात चारी बाजूंनी किती मार्जिन सोडायचं ते दिलेलं असतं. ते भिंतीच्या बाहेरच्या अंगापासून धरायचं, कॉलमच्या सेंटरपासून नाही. मग आर्किटेक्टचा प्लॅन आणि आरसीसीचं सेंटर लाईन ड्रॉइंग शेजारी ठेवून दोन्हीतली मापं जुळव. तुटक मापांची बेरीज एकूण मापाएवढी येते का, एवढं जरी केलंस तरी निम्म्या भानगडी कागदावरच सापडतात. बेरीज जुळली नाही तर फोन कर, स्वतःच्या मनाने कुठलंही माप ‘बरोबर’ ठरवू नकोस.

त्याच संध्याकाळी टोकाच्या ग्रिडलाईनमधला कर्ण कॅल्क्युलेटरवर काढून खिशात ठेव. समज, तुझी टोकाची मापं १२.४०० आणि ९.६०० मीटर आहेत. मग कर्ण १५.६८२ मीटर आला पाहिजे. हा आकडा त्या दिवशीचं तुझं सगळ्यात मोठं हत्यार आहे.

मिस्त्री काटकोन तीन-चार-पाचने (या मापांच्या बाजूंचा त्रिकोण काटकोनी असतो) काढतील किंवा गुण्याने (काटकोनी पट्टीने). दोन फुटी गुण्यावरून बारा मीटरची लाईन काढणं मला मान्य नाही. गुण्यापाशी एका सुताचा (इंचाच्या आठव्या भागाचा) फरक असेल तर बारा मीटरवर तो अडीच इंचांच्या आसपास जातो. तीन-चार-पाच चांगलं, पण जितका मोठा त्रिकोण तितकं बरं. जागा असेल तर ९, १२, १५ मीटरचा घ्या. चौकट बांधून झाली की दोन्ही कर्ण मोज. इथे नवे लोक एक चूक करतात: दोन कर्ण सारखे आले की झालं काटकोनात, असं समजतात. समोरासमोरच्या दोन बाजू कमीजास्त असल्या तरीही कर्ण सारखे येऊ शकतात. म्हणून चारही बाजू, दोन्ही कर्ण आणि खिशातला १५.६८२ हा आकडा, हे सगळं जुळलं तरच चौकट बरोबर. कर्णाचा आणखी एक गुण आहे. ९ बाय १२ च्या चौकटीत समोरची १२ मीटरची बाजू लांबीच्या दिशेने १० मिमी सरकली, तर दोन कर्णांत १६ मिमीचा फरक पडतो. बाजू मोजून लपलेली चूक कर्ण मोठी करून दाखवतो. एवढ्या चौकटीला मी ५ मिमीपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही, आणि तू पण घेऊ नकोस. पुन्हा दोरी सोडून बांधायला अर्धा तास लागतो. फुटिंग भरल्यावर अर्ध्या तासाची गोष्ट राहत नाही.

आता टेपबद्दल. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण टेपने मला नोकरीच्या पहिल्याच वर्षी चांगला धडा दिला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्यानंतर नवी गावं वसवायला घेतली. अशाच एका पुनर्वसनाच्या कामावर मी ज्युनिअर म्हणून लागलो होतो. एका सरळ ओळीत १५ मीटर रुंदीचे २२ प्लॉट पाडायचे होते, म्हणजे ३३० मीटर. माझ्या हातात फायबरचा जुना टेप होता, वापरून वापरून ताणलेला. मी प्लॉट एकामागून एक मोजत गेलो आणि शेवटचा प्लॉट रस्त्यात घुसला, साधारण २७ सेंटिमीटर. टेप तपासला तेव्हा कळलं की ३० मीटरला तो २५ मिमी वाढलेला आहे. अकरा टेप-लांब्या, प्रत्येकीत २५ मिमी. ज्यांचं घर एकदा पडलंय अशी माणसं कडेला उभी राहून बघत होती, आणि मी सगळ्या खुंट्या उपटून पुन्हा ठोकत होतो. त्या दिवसापासून नव्या साईटवर गेलो की आधी टेप बघतो.

तू पण बघ. शून्य कुठून सुरू होतो? काही टेपला कडीच्या बाहेरच्या कडेपासून, काहींना पट्टीवर थोडं पुढून. टोक तुटून पुन्हा रिव्हेट मारलेला टेप असेल तर तो सरळ बाद कर. कडीचा भरवसा नसेल तर आम्ही ‘शंभर कापून’ मोजतो, म्हणजे १०० मिमीच्या रेघेपासून. पण मग वाचणाऱ्यानेही १०० वजा केले पाहिजेत. एकाने कापले आणि दुसऱ्याने वजा केले नाहीत, म्हणून कॉलम दहा सेंटिमीटर आत गेलेला मी स्वतः बघितलाय. म्हणून शंभर कापलंय हे दोन्ही टोकांनी मोठ्याने म्हणायचं.

मापाच्या भाषेचाही घोळ असतो. ड्रॉइंग मिमीमध्ये आणि मिस्त्रींचं डोकं फूट, इंच आणि सुतात. ६००० मिमी म्हणजे ‘वीस फूट’ असं ते सहज म्हणून जातात. वीस फूट म्हणजे ६०९६ मिमी. एका खोलीत ९६ मिमी गेले की! कामावर एकच टेप आणि एकच भाषा ठेव. मिस्त्रींना फुटात सांगायचंच असेल तर इंच आणि सूत धरून नीट रूपांतर करून कागदावर लिहून दे. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिमीच्या थोडं वर.

आणि मापं तुटक घेऊ नकोस. ए पासून बी, मग बी पासून सी, असं करत गेलीस तर प्रत्येक वेळची दोन-तीन मिमीची चूक साठत जाते. एका टोकाला टेपचा शून्य धर, टेप तसाच ताणून ठेव आणि सगळ्या ग्रिड त्या एकाच ताणावर चढत्या मापाने खुणव. म्हणूनच ड्रॉइंगवर तुटक मापांच्या शेजारी तू आदल्या संध्याकाळी चढती मापं लिहून ठेवायची.

जमीन उताराची असेल तर टेप जमिनीला टेकवून मोजायचं नाही, आडवा धरून ओळंब्याने खाली आणायचं. १२ मीटरमध्ये ६० सेंटिमीटर उतार असेल तर उतारावरून मोजलेलं माप आडव्यात १५ मिमी कमी भरतं. उन्हाचंही तसंच. स्टीलचा टेप साधारण २० अंश सेल्सिअसला बरोबर असतो. आपल्याकडे मे महिन्यात उन्हात पडलेला टेप ४५ अंशांवर सहज जातो आणि मग ३० मीटरला जवळपास ९ मिमी लांब होतो. तुझ्या बारा मीटरच्या घराला हा फरक साडेतीन मिमीचा, त्यासाठी हिशेब मांडत बसू नकोस. सकाळी लवकर मोज म्हणजे झालं. पण उद्या शंभर मीटरच्या गोदामावर गेलीस तर विसरू नकोस. विल्यम लॅम्ब्टनने १८०२ मध्ये मद्रासजवळ ज्या बेसलाईनपासून या देशाच्या मोठ्या त्रिकोणमितीय मोजणीची सुरुवात केली, तिथेही साखळीजवळ थर्मामीटर ठेवून तापमानाचा हिशेब धरला होता. तो माणूस १८२३ मध्ये हैदराबादहून नागपूरला जाताना हिंगणघाटला वारला, कामावर असतानाच. आपल्या भागाच्या इतक्या जवळून गेलेलं हे काम कॉलेजात कोणी सांगत नाही, म्हणून सांगितलं.

चौकट जुळली की फक्की (खोदाईसाठी चुन्याची रेघ) मारायची घाई करू नका. आधी बुर्ज्या. प्रत्येक ग्रिडलाईन दोन्ही बाजूंना खोदाईच्या बाहेर वाढवायची आणि तिथे विटांची किंवा काँक्रीटची बुर्जी बांधायची. वर प्लास्टर करून त्यात खिळा बसवायचा आणि ग्रिडचं नाव ऑइल पेंटने लिहायचं. समोरासमोरच्या दोन खिळ्यांत दोरी ताणली की कधीही ती लाईन परत मिळते. दोन दोऱ्या जिथे छेदतात तिथून ओळंबा सोडला की फुटिंगचा सेंटर. बुर्जी खोदाईच्या कडेपासून निदान दीड मीटर लांब ठेव. काढलेली माती कुठे पडणार आणि डंपर कुठून येणार ते आधी विचार. मातीच्या ढिगाखाली गेलेली बुर्जी असून नसल्यासारखी. सगळ्या बुर्ज्यांचा माथा एका लेव्हलला घेतलास तर खोदाईची खोलीही दोरीवरून मोजता येते.

आणि आता काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात आणि पावसात ती फुगते. त्या मातीत अर्धा-पाऊण फूट रोवलेली बुर्जी सुट्या दातासारखी असते. मृगाचे दोन पाऊस झाले की तिचा खिळा सरकलेला असतो. बुर्जीचा खड्डा काळी माती संपेपर्यंत खाली ने, मुरूम लागू दे. माती फार खोल असेल तर निदान भेगांच्या थराखाली जा, तळाशी काँक्रीटचा गठ्ठा टाक आणि पाऊस पडल्यावर बुर्ज्यांमधली अंतरं आणि कर्ण पुन्हा मोज. खर्च वाढतो म्हणून मालक कुरकुर करेल. त्याला सांग, बुर्जीचं काँक्रीट दोन-चार घमेली, चुकलेल्या फुटिंगचं ट्रॉलीभर.

बेंचमार्कलाही, म्हणजे उंची मोजायच्या पक्क्या खुणेलाही, हेच लागू. एका कामावर आम्ही मे महिन्यात काळ्या मातीत रोवलेल्या दगडावर टेम्पररी बेंचमार्क धरला. पहिल्या इमारतीची प्लिंथ त्यावरून घेतली. दुसऱ्या इमारतीचं काम ऑगस्टमध्ये सुरू झालं, त्याच दगडावरून. दोन्ही प्लिंथ जोडणारा पॅसेज करायला गेलो तर २२ मिमीची पायरी. मी तासभर लेव्हलला दोष देत होतो. शेवटी जवळच्या जुन्या बांधीव विहिरीच्या काठावरून दोन्ही तपासल्या, तेव्हा कळलं की पावसाने दगडच वर उचललाय. नशिबाने मी मे महिन्यात त्या काठाचं रीडिंग वहीत लिहून ठेवलं होतं, नाहीतर दोष कुणाचा हे कधीच कळलं नसतं. म्हणून बेंचमार्क एक नको, दोन घे, आणि दोन्ही खडकावर किंवा मुरुमावर पाया गेलेल्या जुन्या बांधकामावर: शेजारच्या घराची प्लिंथ, रस्त्याच्या मोरीचा स्लॅब, असं काही. दर आठवड्याला दोघांमधला फरक तपास. एक हलला की लगेच कळेल.

बेंचमार्कची उंची १००.००० मीटर धरली तर चालेल का, असं नवे लोक विचारतात. तुझ्या घरासाठी चालेल. पेपरात जायकवाडीची पूर्ण पातळी १५२२ फूट, म्हणजे ४६३.९०६ मीटर, असं वाचतेस ना, ती समुद्रसपाटीपासून मोजलेली असते. धरण, कालवा, हायवे अशा कामांना ती खरी पातळी लागते. एका प्लॉटच्या आत आपल्याला फक्त एकमेकांपेक्षा किती वर, किती खाली एवढंच हवं असतं.

ऑटो लेव्हल उघडण्याआधी ती खरं बोलते का ते बघ. टू पेग टेस्ट कॉलेजात केली असशील, साईटवर कोणी करत नाही. सुमारे ६० मीटर अंतरावर ए आणि बी दोन पक्के खिळे घे. बरोबर मध्ये लेव्हल लाव. समज, स्टाफ (उभी मापपट्टी) धरून ए वर १.४५० आणि बी वर १.२१५ आलं. फरक ०.२३५, आणि लेव्हल मध्ये असल्यामुळे यंत्राची चूक दोन्हीकडे सारखी, म्हणजे हा फरक खरा. आता लेव्हल ए च्या दोन मीटरवर आण. ए वर १.५२० आलं तर बी वर १.२८५ यायला हवं. तिथे १.२९८ आलं तर नजर सुमारे ६० मीटरमध्ये १३ मिमी वर चढतेय. अशी लेव्हल दुरुस्तीला पाठव. तोपर्यंत काम अडवायचं नसेल तर बॅक साईट (माहीत असलेल्या उंचीवरचं रीडिंग) आणि फोर साईटची (पुढच्या बिंदूवरच्या रीडिंगची) अंतरं सारखी ठेव, चूक आपोआप कटते. ही सवय लेव्हल चांगली असली तरी मोडू नकोस.

रीडिंग घेताना आधी आयपीसने (डोळ्याजवळच्या भिंगाने) क्रॉसहेअर (आतल्या रेघा) स्पष्ट कर, मग स्टाफ फोकस कर. डोळा वरखाली केल्यावर रीडिंग हललं तर पहिली पायरी नीट झालेली नाही. मधली रेघच वाचायची. शंका आली तर वरची आणि खालची पण वाच. वर १.५१२ आणि खाली १.२५८ असेल तर मध्य १.३८५ आलाच पाहिजे. त्याच दोघांच्या वजाबाकीला शंभरने गुणलं की अंतरही मिळतं, २५.४ मीटर. स्टाफ धरणाऱ्या पोराला दोन गोष्टी शिकव: जोडाचं बटण ‘टक्’ असं बसल्याशिवाय स्टाफ वर उचलायचा नाही, आणि प्रत्येक ठिकाणी स्टाफचा तळ पुसायचा. ओल्या काळ्या मातीचा सेंटिमीटरभर थर तळाला चिकटतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. तीन मीटरला स्टाफ ३० सेंटिमीटर कलला तर रीडिंग १५ मिमी जास्त येतं. म्हणून स्टाफ सावकाश पुढेमागे झुलवायला सांग आणि सगळ्यात कमी येईल ते रीडिंग धर. मार्चनंतर अकरा वाजले की जमिनीजवळ हवा नाचते, आकडे थरथरतात. लेव्हलचं काम सकाळी उरकून घे.

हिशेब सोपा आहे. १००.००० वर बॅक साईट १.३८५, म्हणजे यंत्राची उंची १०१.३८५. पीसीसीचा माथा ९८.२५० ला हवा असेल तर स्टाफ ३.१३५ वाचला पाहिजे. पीसीसी १०० मिमी असेल तर खोदाईच्या तळाला ३.२३५. हे आकडे आधीच कागदावर काढून जेसीबीवाल्याच्या शेजारी उभी राहा. जास्त खोदलेला खड्डा पुन्हा मातीने भरून चालत नाही, तिथे काँक्रीट जातं. काम संपलं की परत बेंचमार्कवर येऊन लेव्हल बंद कर, म्हणजे सुरुवातीचीच उंची परत येते का ते बघ. वहीत बॅक साईटची बेरीज वजा फोर साईटची बेरीज हा ताळा करतेस ना, तो फक्त तुझी बेरीज-वजाबाकी तपासतो. रीडिंग खरं की खोटं हे बेंचमार्कवर परत आल्यावरच कळतं. एवढ्याशा साईटवर ३ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर मी सगळं पुन्हा घेतो. वही पेनाने लिही, चुकलं तर एक रेघ मारून शेजारी लिही, खोडरबर नको.

मिस्त्रींच्या पाण्याच्या नळीला कमी समजू नकोस. नळीत बुडबुडा नसेल तर खोलीच्या चारही भिंतींवर मीटर लेव्हल (मीटरभर उंचीची एकसारखी खूण) मारायला तिच्याइतकं सोयीचं काही नाही.

घरांच्या कामात सगळ्यात जास्त चुका कॉलमच्या दिशेत होतात, तिथे डोळ्यात तेल घालून बघ. तुझे कॉलम २३० बाय ४५० असतील. बाहेरच्या भिंतीतले कॉलम बहुतेक बाहेरच्या फेसला फ्लश (भिंतीच्या बाहेरच्या अंगाशी सपाट) असतात. कॉलमची २३० ची बाजू भिंतीला आडवी असेल तर बाहेरच्या फेसपासून कॉलमचा सेंटर ११५ वर येतो, ४५० ची बाजू आडवी असेल तर २२५ वर. म्हणजे एकाच भिंतीतल्या दोन कॉलमचे सेंटर एका दोरीवर येतीलच असं नाही, त्यांच्यात ११० मिमीचा फरक असू शकतो. एका लाईनीत त्यांचा बाहेरचा फेस असतो. नवा माणूस सगळे सेंटर एका दोरीत घालतो आणि कॉलम भिंतीबाहेर डोकावतो. प्रत्येक बुर्जीवर लिही की ही दोरी कशाची, ग्रिडची, सेंटरची की फेसची. लांब बाजू पूर्व-पश्चिम की उत्तर-दक्षिण ते प्रत्येक फुटिंगच्या पीसीसीवर पेंटने काढ. ड्रॉइंगमधली उत्तर आणि जागेवरची उत्तर एकच आहे ना, हे लाईनआऊटच्या आधी मोबाईलच्या होकायंत्रावरसुद्धा तपासता येतं. मालक वास्तूसाठी ऐनवेळी काही फिरवायला सांगेल, तर आर्किटेक्ट आणि आरसीसीवाल्यांच्या लेखी होकाराशिवाय खुंटी हलवायची नाही. भूमिपूजनाला ईशान्येला जी खुंटी किंवा कुदळ मारली, ती पूजेची. तिच्यावरून मोजायला सुरुवात करू नका.

चूक किती चालते, हेही माहीत असू दे. आयएस ४५६:२००० प्रमाणे फुटिंगचं लांबी-रुंदीचं माप ठरल्यापेक्षा ५० मिमी जास्त चालतं, कमी फक्त १२ मिमी. फुटिंग जागेवरून सरकण्याची मर्यादा त्या दिशेच्या रुंदीच्या ०.०२ पट, पण ५० मिमीपेक्षा जास्त नाही. दीड मीटरच्या फुटिंगला ती ३० मिमी होते. कॉलमचं माप १२ मिमी जास्त किंवा ६ मिमी कमी. बघ, जमिनीत मोकळीक जास्त आहे आणि वर येताना ती आखडत जाते. म्हणून पीसीसीवर कॉलमची खूण मारताना पुन्हा बुर्जीवरून दोरी ताण. फुटिंगच्या शटरिंगच्या मधोमध कॉलम ठेवू नकोस, फुटिंग थोडं सरकलं असलं तरी कॉलम आपल्या जागीच उभा राहिला पाहिजे. फुटिंग भरताना व्हायब्रेटर आणि काँक्रीटच्या धक्क्याने कॉलमच्या सळया हलतात. काँक्रीट ओलं आहे तोवर दोरी पुन्हा ताणून बघ आणि सरळ कर. हलली म्हणून दुसऱ्या दिवशी पहारीने वाकवलेली सळई मला कधीच पटत नाही.

वरच्या मजल्यांना जाताना ग्रिड खालच्या कॉलमवरून वर नेऊ नका. प्लिंथवर एकदा पक्की ग्रिड कोरून ठेवा आणि प्रत्येक स्लॅबवर तिथूनच ओळंब्याने न्या. वारा असेल तर ओळंबा पाण्याच्या बादलीत बुडवा, शांत राहतो.

टोटल स्टेशन पुढे कधीतरी हातात येईल. तेव्हा दोन गोष्टी ध्यानात ठेव. बॅकसाईट बांधल्यावर (माहीत असलेल्या बिंदूकडे बघून दिशा ठरवल्यावर) तिसऱ्या एखाद्या माहीत असलेल्या बिंदूवर तपासल्याशिवाय पहिला कॉलम द्यायचा नाही, आणि प्रिझम कॉन्स्टंट (प्रिझममुळे अंतरात धरायची ठरावीक दुरुस्ती) टेपने एक अंतर मोजून पडताळायचा. तो चुकला तर प्रत्येक अंतर काही सेंटिमीटरने सारखंच चुकतं आणि सगळं छान जुळल्यासारखं दिसतं. मोजणीवाल्यांच्या रोव्हरने (उपग्रहावरून जागा सांगणाऱ्या यंत्राने) मात्र कॉलमचे सेंटर देऊ नकोस. शेताच्या हद्दीला एक-दोन सेंटिमीटर ठीक आहेत, कॉलमला नाहीत.

राहिला मिस्त्रींचा प्रश्न. ते म्हणतील, ‘म्याडम, पंचवीस वर्सं झाली, आपली लाईन कधी चुकली नाई.’ वाद घालू नकोस. ‘मामा, तुमची लाईन बरोबरच असंल, मला साहेबांना कर्णाचा आकडा लिहून द्यायचाय, टेपचं एक टोक धरा,’ असं म्हण. कर्ण जुळला तर त्यांना सगळ्यांसमोर सांग की जुळला. नाही जुळला तर आकडा त्यांच्या हातात टेपवरच दिसेल, तुला काही बोलावं लागणार नाही. आणि बुर्ज्या झाल्या की आर्किटेक्टला बोलावून तपासून घे, वहीत सही घे, मगच जेसीबी सुरू होऊ दे. दिवस गेला तरी चालेल.

चार दिवस हातात आहेत. पहिला दिवस कागदांचा, दुसरा बुर्ज्यांच्या खड्ड्यांचा, कारण मुरूम किती खाली लागतो ते त्यातूनच कळेल. मधल्या एखाद्या सकाळी आठच्या आत टू पेग टेस्ट करून चारही रीडिंग मला पाठव, लेव्हल वापरायची की दुरुस्तीला द्यायची ते आपण दोघं बघू.